हरीण तेच, काडतूस नवे

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची म्हटले की पहिला वाद कॅलिबरचा निघतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या मिटलेला नाही. वाद घालणारे गोळीचे वजन, वेग आणि खांद्याला बसणारा धक्का यांचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. जणू सारे गणित हरणाच्या शरीरावरूनच मांडले आहे! पण ज्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी हा खटाटोप चालतो, त्याची कातडी सव्वाशे वर्षांत जाड झालेली नाही की हाडे टणक झालेली नाहीत. काडतूस मात्र दर पिढीला बदलत गेले. तेव्हा बदलाचे कारण हरणापाशी शोधण्यात अर्थ नाही. ते लष्कराच्या कोठारात, कारखान्याच्या यंत्रांत आणि सरकारच्या कायद्यात आहे.

सुरुवात दारूपासून झाली. १८७३ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसात ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची, शिशाची गोळी असे. काळ्या दारूने वेग फारसा वाढत नाही, म्हणून मारा वाढवायचा तर गोळी जाड आणि जड करावी लागे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली, दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल हाती घेतली आणि युरोपातल्या फौजा बारीक नळीकडे वळल्या. अमेरिकी सैन्याने १८९२ मध्ये क्रॅग रायफल निवडली तेव्हा तिची नळी .३० इंचाची होती. तीनच वर्षांनी विंचेस्टर कंपनीने जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८९४ च्या मॉडेलसाठी थर्टी-थर्टी काडतूस बाजारात आणले. ते खास शिकाऱ्यांसाठी होते, पण त्याच्या नळीचे माप आणि दारूची जात यांची वाट आधी सैन्याने घालून दिली होती. हलकी, आखूड, पटापट झाडता येणारी ही रायफल पूर्वेकडच्या दाट रानात, जिथे हरीण जवळूनच दिसते, घरोघरी पोचली.

थर्टी-थर्टीची सद्दी मोडली ती युद्धाने. १९०६ मध्ये सैन्याने थर्टी-ऑट-सिक्स काडतूस स्वीकारले: १५० ग्रेनची टोकदार गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,७०० फूट. पहिल्या महायुद्धात लाखो तरुणांना बोल्टची, म्हणजे हाताने खीळ मागेपुढे ओढून काडतूस भरायची, रायफल हाताळायची सवय लागली आणि घरी परतल्यावर त्यांना शिकारीलाही तशीच हवीशी वाटली. रेमिंग्टनने सैन्यासाठी एनफिल्ड रायफली बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर उरलेले सुटे भाग वापरून त्या कंपनीने १९२१ मध्ये मॉडेल ३० ही शिकारी रायफल विकायला काढली. १९२५ मध्ये विंचेस्टरने .२७० आणले, तेही थर्टी-ऑट-सिक्सच्या घराण्यातल्या पुंगळीचे तोंड आवळून. पुढे १९५२ चे .३०८ हे सैन्यासाठी चाललेल्या आखूड काडतुसाच्या प्रयोगांतूनच निघाले. त्याचे लष्करी भावंड १९५४ मध्ये नाटोने स्वीकारले. .३०८ चे तोंड आवळले की १९५५ चे .२४३ तयार होते. म्हणजे दुकानाच्या फळीवर दिसणाऱ्या वैविध्याचा मोठा भाग दोनतीन लष्करी पुंगळ्यांचा वंशविस्तार आहे.

जिथे सैन्याची देणगी पुरली नाही, तिथे कायद्याने निवड केली. ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली, कारण त्यांचा उपयोग जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत होईल अशी धास्ती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४७० आणि .४६५ बोअर काढले. ती मोठ्या जनावरांची काडतुसे होती, पण तर्क हरणाच्या रायफलीलाही लागू पडला: .३०३ हे सैन्याचे माप सामान्यांना वर्ज्य, म्हणून इथल्या परवानाधारकांच्या हाती .३१५ बोअर आले आणि ईशापूरच्या कारखान्याने ते घडवले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, तरी ते बोअर परवान्यांवर टिकून आहे. फ्रान्समध्ये २०१३ पर्यंत लष्करी मापांवर निर्बंध होते, त्यामुळे तिथल्या शिकाऱ्यांनी ७×६४ सारखी मापे जवळ केली. अमेरिकेतल्या ओहायोसारख्या सपाट, शेतीच्या राज्यांत गोळी फार दूर जाऊ नये म्हणून हरणासाठी छर्ऱ्याच्या बंदुकीचीच सक्ती असे. २०१४ मध्ये तिथे सरळ भिंतीच्या पुंगळीच्या रायफलींना मुभा मिळाली, आणि अशाच राज्यांवर नजर ठेवून २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड हे नवे काडतूस आणले.

यावर आक्षेप असा की भौतिकशास्त्र खोटे कसे ठरेल? बारीक गोळीने हरीण जखमी होऊन पळते आणि तडफडून मरते. किमान ऊर्जा लागतेच. हे खरे आहे, आणि कायद्यानेही ते मानले आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यानुसार हरणासाठी नळी .२४० इंचापेक्षा बारीक नसावी आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा १,७०० फूट-पौंडांहून कमी नसावी. मुंटजॅकसारख्या लहान जातींसाठी २००७ मध्ये ही अट सैल झाली. पण अशा नियमाने ठरतो तो फक्त उंबरठा. तो ओलांडणारी डझनावारी काडतुसे आहेत आणि नीट जागी लागलेल्या गोळीपुढे हरणाच्या दृष्टीने त्यांच्यात फारसा फरक नाही. त्यांपैकी नेमके कोणते हाती यावे, याचे उत्तर भौतिकशास्त्र देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे: २००७ चे ६.५ क्रीडमूर तर कोणत्याही फौजेने जन्माला घातलेले नाही. बरोबर, पण ते हरणासाठीही जन्मलेले नाही. हॉर्नाडी कंपनीने ते लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांसाठी घडवले आणि शिकारी मागाहून त्याकडे वळले. म्हणजे सैन्याच्या जागी स्पर्धा आली, हरीण होते तिथेच राहिले. निवडीचा हा इतिहास मान्य केला तर वादाची धार आपोआप उतरते. किमान ऊर्जेची अट पाळणारे, गावात सहज मिळणारे आणि ज्याच्या धक्क्याला न बिचकता सराव करता येईल असे कोणतेही काडतूस पुरेसे ठरते. बाकीची चढाओढ वारशाची आणि विक्रीची आहे.