हिरव्या बटनामागची तार

लहानपणी आमच्या पडवीतून ठाकुर्लीचं धुराडं दिसायचं. चोळ्याचं पॉवर हाऊस ते, रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी बांधलेलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली, पुढच्या चार-पाच वर्षांत तारा कल्याणला आल्या आणि घाट चढून पलीकडे गेल्या. म्हणजे आमच्या शिवाराच्या कडेने वीज धावत होती आणि घरात रॉकेलची चिमणी. राज्याचं वीज मंडळ १९६० साली झालं. आमच्या घरी बल्ब लागला तेव्हा मी चौथीत होतो. आजी तिन्हीसांजेला समईला हात जोडायची तसे त्या बल्बलाही जोडायची.

वीज आमच्याकडे दोन वाटांनी आली. एक शेतात, पंपासाठी. दुसरी कारखान्यात. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची अगदी सुरुवातीची वसाहत, मग डोंबिवली. भात लावणाऱ्यांची पोरं डबा घेऊन लोकलला लटकायला लागली. मीही त्यातलाच. १९७६ ला दहावी झालो आणि वागळे इस्टेटच्या एका छोट्या वर्कशॉपात हेल्पर लागलो. लावणीला आणि कापणीला मात्र हमखास आजारी पडायचो. शेठला सगळं कळायचं, बोलायचा नाही.

बारा वर्षं तिथे काढली. मग १९८८ ला बटाल्याचा एक जुना साडेचार फुटी लेथ विकत घेऊन गावी आलो. तेव्हा पंजाबातल्या बटाल्याचे लेथ बाजारात बरेच मिळायचे. आमच्या भातगिरणीला लागून पत्र्याची शेड टाकली. काम कसलं? पंपाचे शाफ्ट, बुश, गिरणीचे झिजलेले भाग. आजूबाजूची गावं भेंडी-काकडी करायची, पंप बंद पडला की माणूस शाफ्ट खांद्यावर टाकून माझ्याकडे यायचा.

लेथला एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर होती. पहिल्याच पावसाळ्यात ती नुसती हुं-हुं करायला लागली, फिरेना. पट्टा हाताने ओढून दिला की फिरायची. असं झालं की समजावं, तीन फेजपैकी एक गेला आहे. नवखा माणूस इथेच फसतो. हाताने फिरवली, चालली, म्हणून काम करत बसतो, आणि तासाभरात वार्निश जळल्याचा वास येतो. दोन फेजवर तेवढंच काम करायचं तर मोटर जास्त करंट ओढते आणि तापते.

मी टेस्टर लावला. तिन्ही ठिकाणी लाल उजेड. म्हटलं, तिन्ही फेज हायत की. दोन दिवस मोटर उघडून बसलो. शेवटी वागळेच्या आमच्या जुन्या वायरमन काकांना घेऊन आलो. त्यांनी माझा टेस्टर काढून घेतला. "हा खोटारडा हाय," म्हणाले. किटकॅटमधली तार तुटलेली असली तरी बाकीच्या दोन फेजची वीज मोटरच्या वाइंडिंगमधून उलटी त्या मेलेल्या तारेवर येते आणि टेस्टर पेटतो. त्यांनी शंभर-शंभरचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून दिवा बनवला. दोन फेजमध्ये ४४० व्होल्ट असतात, एका बल्बने उडून जाईल, म्हणून दोन. मोटरच्या तारा सोडवल्या आणि दोन-दोन फेजमध्ये दिवा धरला. एका जोडीवर झगझगीत, दुसऱ्या दोन्ही जोड्यांवर अंधार. फ्यूजची तार बदलली, काम झालं. मोटरला काही झालेलंच नव्हतं. तेव्हापासून मी मोटर शेवटी उघडतो. खांबापासून सुरुवात करतो.

दुसरा एक खेळ सांगतो. डीपीवरची केबल जळली आणि जोडणाऱ्याने दोन तारांची अदलाबदल केली. सकाळी गावातले सगळे पंप उलटे फिरले, पाणी येईना. माझा लेथही उलटा. माझ्या लेथचं चक आट्यांवर बसवलेलं, उलटं जोरात फिरलं तर सुटून अंगावर येतं. स्टार्टरमधल्या कुठल्याही दोन तारा बदलल्या की सरळ. एवढं साधं, पण त्या दिवशी आधी चक काढून मोटर फिरवून बघितली, म्हणून वाचलो.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो.

लाइट जायची-यायची, तीही रात्री-अपरात्री. शेतकरी पंपावर जागत कोण बसणार? म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरमध्ये हिरव्या बटनाच्या दोन टोकांना जोडून एक तार टाकलेली असायची. लाइट आली की पंप आपोआप सुरू. खरं तर स्टार्टर बनवणाऱ्याने मुद्दाम उलटं ठेवलेलं असतं. लाइट गेली की आतली कॉइल सुटते, आणि लाइट आली तरी कोणी हिरवं बटन दाबेपर्यंत मशीन गप्प. पंपाला ही अडचण वाटते. लेथवर माणसाचे हात असतात.

१९९१ च्या उन्हाळ्यात लेथचा स्टार्टर जळाला. नवा घ्यायला पैसे नव्हते. विहिरीवरचा जुना काढून बसवला. त्यातली ती तार मला माहीत होती, मीच टाकली होती. विसरलो असं म्हणणार नाही. उद्या काढू म्हटलं. लेथ चालू-बंद आम्ही हँडलच्या रिव्हर्स-फॉरवर्ड स्विचनेच करायचो, म्हणून काही अडत नव्हतं.

धाकटा भाऊ काम करत होता. लाइट गेली. हँडल फॉरवर्डवरच राहिलं. त्याने चकाला चावी लावून जॉब सोडवायला घेतला आणि लाइट आली. मी दारात बिडी पेटवत होतो. चावी फिरून त्याच्या उजव्या हातावर बसली, मनगट मोडलं, दोन बोटं गेली. आईने विचारलं, "बटन दाबलाच नाय तर फिरला कसा?" मी बोललो, मशीनमध्ये बिघाड होता. बरीच वर्षं हेच बोललो. मशीन अगदी बरोबर होतं.

त्याच रात्री ती तार कापली. महिन्याभरात उसने घेऊन नवा स्टार्टर आणला.

२००५ च्या जूनमध्ये मंडळ मोडून महावितरण झालं आणि २६ जुलैला पाऊस. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आमच्याकडे उल्हास आणि खाडी एक झाली. शेडमध्ये छातीभर पाणी. उतरल्यावर लोक घाईने मोटरा चालू करत होते आणि जाळत होते. भावाने मला हात लावू दिला नाही. मोटर उघडली, गोड्या पाण्याने चिखल धुतला, लाकडी खोक्यात बल्ब लावून पाच दिवस सुकवली, बेअरिंग बदलले. मेगर मागून आणला, एक मेगओहमच्या वर काटा गेला तेव्हा जोडली. आठ बोटांनी. मग स्टार्टरचं झाकण स्वतः उघडून त्याने बॅटरीच्या उजेडात हिरव्या बटनामागे बघितलं. मला काही विचारलं नाही. झाकण लावलं आणि म्हणाला, "दादा, दाब तू."