अर्धशिशीची निमित्ते : एका यादीचा इतिहास

मराठीत 'कारण' आणि 'निमित्त' असे दोन वेगळे शब्द आहेत, याबद्दल आपण भाषेचे आभारच मानावयास हवेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. तरी फांदी का मोडली या प्रश्नाचे उत्तर 'कावळा' असे कोणी शहाणा माणूस देत नाही. इंग्रजी वैद्यकाने मात्र या ठिकाणी 'ट्रिगर' हा शब्द स्वीकारला. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. घोडा ओढला की बार उडतो, आणि तो ओढणारे बोट कोणाचे तरी असते. अर्धशिशीच्या बाबतीत ते बोट बहुधा रुग्णाचेच ठरवले गेले आहे. हे कसे घडत गेले, ते पाहण्याचा या लेखात विचार आहे.

आम्ही येथे बोलत आहोत ते दृष्टिभ्रमासह येणाऱ्या अर्धशिशीबद्दल. वैद्यक त्या पूर्वलक्षणाला 'ऑरा' म्हणते. वाचता वाचता ओळीतले एखादे अक्षर पुसल्यासारखे होते. त्या रिकाम्या जागेच्या कडेला चमचमणारी, कोनाकोनांची एक रेघ उमटते, कंसासारखी वाढत जाते, आणि वीस-तीस मिनिटांत दृष्टीच्या कडेपाशी पोचून विझते. डोळे मिटले तरी ती दिसतच राहते. त्यानंतर डोके दुखू लागते. कधी दुखतही नाही. मायग्रेन असणाऱ्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा लोकांना हा अनुभव येतो. आम्हांसही तो गेली अनेक वर्षे येत असल्यामुळे या विषयात आमची तटस्थता थोडी संशयास्पद आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

'अर्धशिशी' या शब्दाचा प्रवास समांतर आहे. गेलेनच्या ग्रीकमधील 'हेमिक्रानिया', म्हणजे अर्धे डोके, यापासूनच झिजत झिजत फ्रेंच 'मिग्रेन' झाला. आपल्याकडे चरक आणि सुश्रुत 'अर्धावभेदक' म्हणतात. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात या विकाराला प्रकोपक अशा गोष्टींची जी मोजदाद आहे, ती जगातील जुन्या निमित्त-याद्यांपैकी एक म्हणावी लागेल : कोरडे अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दव, मैथुन, नैसर्गिक वेग अडवून धरणे, श्रम, व्यायाम. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात मात्र एक निराळाच सूर आहे. हे दुखणे पंधरा दिवसांनी येते, दहा दिवसांनी येते, किंवा अकस्मातही येते, असे तेथे म्हटले आहे. तेजोमय रेषांचे वर्णन या दोन्ही ठिकाणी नाही. पण 'अकस्मात' ही शक्यता नोंदवण्याचा सुश्रुताचा मोकळेपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. पुढच्या दोन हजार वर्षांत तो वारंवार हरवलेला आहे.

दृष्टिभ्रमाचे नेमके वर्णन आणि निमित्तांची यादी या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरलेल्या पाहावयाच्या तर अठराव्या शतकातील लंडनला जावे लागते. जॉन फॉदरगिल हा क्वेकर पंथाचा नामवंत वैद्य. डोकेदुखीवरचा त्याचा निबंध १७७८ सालचा असून तो त्याच्या मृत्यूनंतर, १७८४ मध्ये छापला गेला. दृष्टीत चमचम होते, वस्तू जागा बदलल्यासारख्या वाटतात आणि त्यांभोवती किल्ल्याच्या तटासारखे प्रकाशमान कोन दिसतात, असे त्याने लिहिले. (येथे मराठी वाचकाची थोडी फसगत होते. तट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगराच्या कडेने वळत जाणारी, गोल बुरुजांची सह्याद्रीतली तटबंदी येते. युरोपीय लेखकांना अभिप्रेत आहे ती तोफांच्या जमान्यातली तारकाकृती तटबंदी. गोव्यातील आग्वादसारख्या पोर्तुगीज किल्ल्याचे कोनदार बुरूज आठवले तर चित्र बरोबर जुळते.) आणि या साऱ्याला निमित्त कोणते? वितळवलेले लोणी, चरबीदार मांस, मसाले, मांस भरलेल्या पाय, कडक बिअर. फॉदरगिल निरीक्षक म्हणून थोर होता यात शंका नाही. पण ही यादी वाचताना, ती डोक्याची आहे की सुखवस्तू लंडनकराच्या जेवणाच्या टेबलाची, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. मिताहारी पंथाच्या वैद्याला अतिरेकात दोष दिसावा, हे स्वाभाविकच होते.

यानंतर इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळाले, आणि ते वैद्यांमुळे नव्हे. विल्यम हाइड वुलस्टन हा पॅलेडियम व ऱ्होडियम या मूलद्रव्यांचा शोधक. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने दृष्टितंतूंवर एक निबंध सादर केला आणि त्यात स्वतःचेच दोन अनुभव पुराव्यादाखल मांडले. पहिला वीसहून अधिक वर्षांपूर्वीचा. दोन-तीन तास दमछाक करणारी हालचाल झाल्यावर समोरून येणाऱ्या माणसाचा अर्धाच चेहरा त्याला दिसला. एका दारावरचे 'जॉन्सन' हे नाव वाचू गेला तर पहिली अक्षरे नाहीशी होऊन नुसते 'सन' उरले. दुसरा अनुभव निबंधाआधी सुमारे पंधरा महिन्यांचा; त्याचे मात्र कोणतेही कारण आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने स्वच्छ लिहून टाकले. एका खेपेस निमित्त आहे, दुसऱ्या खेपेस नाही, आणि या विसंगतीने तो मुळीच अस्वस्थ झालेला नाही. (वुलस्टन १८२८ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मेंदूत गाठ आढळली. दुसऱ्या अनुभवाचा तिच्याशी कितपत संबंध होता यावर आज काही ठामपणे बोलणे कठीण. पण दृष्टीतले असे प्रकार प्रथमच घडत असतील तर ते अर्धशिशीचेच असे घरबसल्या ठरवू नये, एवढे यावरून समजावे.)

जॉन हर्शेल या खगोलज्ञाचेही असेच. १८५८ मध्ये लीड्स येथे दिलेल्या एका व्याख्यानात त्याने आपला अनुभव सांगितला. सकाळी न्याहारीला शांत बसलेलो होतो, काही करत नव्हतो, काही विचारही चाललेला नव्हता, आणि दृष्टीच्या कोपऱ्यातून तटबंदीसारखी आकृती पुढे सरकू लागली, असा त्याचा आशय. राजज्योतिषी जॉर्ज बिडल एअरी याने १८६५ मध्ये आपल्या दृष्टिभ्रमावर टिपण प्रसिद्ध केले. त्याचा वैद्य मुलगा ह्यूबर्ट एअरी यालाही तेच होत असे. ह्यूबर्टने १८७० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर निबंध लिहिला, सोबत क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या तटबंदीची अप्रतिम चित्रे जोडली, आणि ग्रीक शब्दांवरून तिला 'टायकॉप्सिया', म्हणजे तटदर्शन, असे नाव दिले. हा प्रकार डोळ्याचा नसून मेंदूचा आहे, आणि त्या प्रक्रियेचे जणू छायाचित्रच आपण पाहतो आहोत, हे त्याने ओळखले होते.

या मंडळींना आम्ही एवढी जागा देत आहोत, त्यामागे एक हेतू आहे. ती रुग्ण होती, पण रुग्णाच्या भूमिकेत नव्हती. वैद्यासमोर बसून 'काल काय खाल्लेस?' या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती. त्यामुळे 'काही कारण नव्हते' असे लिहिण्याची मुभा त्यांच्यापाशी होती. दवाखान्यातल्या खुर्चीवर ही मुभा सहसा मिळत नाही. तेथे रकाना भरावाच लागतो.

एडवर्ड लिव्हिंगने १८७३ च्या आपल्या ग्रंथात 'मज्जा-वादळा'ची कल्पना मांडली. वादळ आतच साचत जाते, बाहेरचा धक्का क्षुल्लक असला तरी पुरतो. म्हणजे कावळा आणि फांदी वेगवेगळी झाली. पण विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फने ती पुन्हा एकत्र बांधली, तीही अधिक बोचऱ्या रीतीने. रक्तवाहिन्यांवरचे त्याचे काम मोठे आहे. परंतु १९३७ मध्ये त्याने मायग्रेनच्या रुग्णाचा स्वभावही रेखाटला : महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर, मनातल्या मनात धुमसणारा. आता लोण्याऐवजी माणूसच निमित्त झाला. वुल्फला स्वतःला मायग्रेन होता, ही गोष्ट या चित्राला थोडी करुण छटा देते.

पुढे पुन्हा ताट पुढे आले. नैराश्यावरील काही औषधे घेणाऱ्यांना चीज खाल्ल्यावर रक्तदाब वाढून भयंकर डोकेदुखी होते, हे साठच्या दशकात ध्यानात आले. त्यातील टायरामिन हे द्रव्य पकडून एडा हॅनिंग्टन यांनी १९६७ मध्ये मायग्रेनशी त्याचा संबंध सुचवला. चीज, चॉकलेट, रेड वाइन ही त्रयी तेव्हापासून जगभरच्या पत्रकांवर विराजमान झाली. चॉकलेटची परीक्षा १९९७ मध्ये ६३ स्त्रियांवर घेण्यात आली. चॉकलेट कोणते आणि त्याच्यासारखे लागणारे कॅरोब कोणते, हे ना खाणाऱ्यांना ठाऊक ना देणाऱ्यांना. दोहोंत फरक आढळला नाही. पत्रकांवरून चॉकलेट हटलेले मात्र आम्ही क्वचितच पाहिले.

आता फांदीकडे वळू. १९४१ मध्ये कार्ल लॅशली याने स्वतःच्या तटबंदीचा नकाशा काढत हिशेब मांडला की, दृष्टीच्या मेंदूपृष्ठावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने सरकत असले पाहिजे. १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआँव याने सशाच्या मेंदूत नेमक्या तशाच संथ गतीने पसरणारी लाट पाहिली. आधी पेशींची क्षणिक खळबळ, आणि मागोमाग दीर्घ शांतता. दोघांचे आकडे जुळतात, हे १९५८ मध्ये पीटर मिल्नरने दाखवले. २००१ मध्ये नूशीन हाजीखानी व सहकाऱ्यांनी चालू दृष्टिभ्रमात मेंदूची चुंबकीय चित्रे घेतली, तेव्हा माणसातही तीच पावले उमटलेली दिसली. दृष्टिभ्रम वेळेवर यावा कसा, ही अडचण त्यांनी कशी सोडवली? त्यांच्यापैकी एका रुग्णाला बास्केटबॉल खेळले की हमखास तटबंदी दिसे. वुलस्टनची दमछाक पावणेदोनशे वर्षांनी अशी उपयोगी पडली.

म्हणजे निमित्ते खोटी आहेत असे नव्हे. काहींच्या बाबतीत ती घड्याळासारखी चालतात. पण किती जणांच्या? २०१३ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी दृष्टिभ्रमासह मायग्रेन असणारे २७ जण निवडले. तीव्र प्रकाशाने किंवा व्यायामाने आपल्याला झटका येतो, असे हे सर्व जण खात्रीने सांगत होते. त्यांना प्रकाशासमोर बसवले, धावायला लावले, काहींच्या बाबतीत दोन्ही केले. दृष्टिभ्रमासह झटका आला तो तिघांना. आणखी तिघांना दृष्टिभ्रमाविना आला. नुसत्या प्रकाशाने एकालाही नाही.

मग सत्तावीसही जण आपल्याच अनुभवाबद्दल चुकत होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. मायग्रेनचा झटका तटबंदीपासून सुरू होत नाही. त्याच्या कित्येक तास, कधी एक-दोन दिवस आधी मेंदूत काही हालचाल सुरू झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, गोडाची वासना होते, चित्त लागत नाही, उजेड खुपतो. उजेड खुपला म्हणून तो लक्षात राहिला, आणि तासाभराने तटबंदी दिसल्यावर दोष उजेडाला गेला. चॉकलेटचेही बहुधा हेच आहे. वासना हे झटक्याचे पहिले पाऊल असू शकते. ज्याला आपण निमित्त म्हणतो ते अनेकदा लक्षणच असते, आणि मग 'मोह आवरला असता तर' या पश्चात्तापाला आधारच राहत नाही.

याद्या देशोदेशी बदलतात, हेही लक्षणीय. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली; डोक्यावरून न्हाणे हे त्यांच्या मायग्रेनचे निमित्त होते. पाश्चात्त्य पत्रकांत हे सापडायचे नाही. 'न्हाऊन केस ओले ठेवू नकोस, डोके धरेल' हे आजीचे बोलणे मात्र आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे.

या सगळ्या गर्दीत एक गोष्ट खरोखर जिवाची आहे, आणि ती चीज-चॉकलेटच्या ओळीत बसवल्यामुळे हरवते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी काही स्त्रियांमध्ये दृष्टिभ्रम सुरू होतो किंवा वाढतो. दृष्टिभ्रमासह मायग्रेन असताना पक्षाघाताचा मुळातच थोडा जास्त असणारा धोका या गोळ्यांनी आणखी चढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा स्त्रियांना, वय कोणतेही असो, संयुक्त गोळ्या देऊ नयेत असे आहे. आपल्याकडे या गोळ्या दुकानात सहज मिळतात, आणि 'डोळ्यांसमोर कधी नागमोडी चमकते का?' असे विचारणारे क्वचितच कोणी भेटते.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात आम्हांस एक छापील तक्ता देण्यात आला होता : तारीख, वेळ, किती दुखले, आणि शेवटी 'कारण'. तो रकाना आम्ही वर्षभर इमानाने भरला. लोणचे, जागरण, भांडण, ऊन, पुन्हा लोणचे. हल्ली वही आम्ही स्वतःच आखतो. 'कारण' खोडून तेथे 'निमित्त' लिहिले आहे आणि तो रकाना रिकामा ठेवण्यास परवानगी आहे. त्याच्या डावीकडे आणखी एक रकाना आला आहे : आदल्या दिवशी जांभया किती आल्या.