रायगडच्या किनाऱ्यावरील नगरजकात आणि नागरिकांची संमती

शहरातील सोयींसाठी मालावर कर बसवावा की नाही, हे तेथील मतदारांना थेट विचारण्याची प्रथा महाराष्ट्रात रुजली नाही. तथापि रायगडच्या किनाऱ्यावरील नगरपालिकांचा आरंभ ज्या कायद्यातून झाला, त्याच्या मुळाशी रहिवाशांच्या इच्छेचे तत्त्व होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कंपनी सरकारने १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि मोहतर्फा, म्हणजे कारागीर व दुकानदार यांच्यावरील कर, रद्द केले होते. जुन्या जकातींचा जाच संपला खरा, परंतु रस्ते, दिवाबत्ती आणि साफसफाई यांचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न तसाच उरला.

बंगालमध्ये १८४२ च्या १० व्या कायद्याने दोनतृतीयांश घरमालकांच्या अर्जावरून प्रत्यक्ष कर बसवण्याची सोय केली होती. ज्या एकमेव गावाने ती स्वीकारली, तेथील रहिवाशांनी वसुलीच्या वेळी पैसे नाकारून उलट कलेक्टरवरच दावा लावला. या अनुभवानंतर आलेल्या १८५० च्या २६ व्या कायद्याने रहिवाशांच्या इच्छेची अट राखली, मात्र कर अप्रत्यक्षही असू शकेल, अशी मुभा दिली. मुंबई इलाख्यात हा कायदा इतर इलाख्यांपेक्षा अधिक पसरला, त्याचे मोठे कारण ही मुभा हेच होय: घरपट्टी घरमालकाच्या डोळ्यांत खुपते, तर जकात मालाच्या किमतीत मुरून जाते. 'रहिवाशांची इच्छा' म्हणजे व्यवहारात प्रतिष्ठित व्यापारी व सावकार यांची इच्छा होती आणि कराचा भार बाजारात धान्य विकत घेणाऱ्या सर्वांवर पडत होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पनवेलची नगरपालिका १८५२ मध्ये आणि अलिबागची १८६४ मध्ये स्थापन झाली. मुंबईहून गलबतांनी येणारा माल पनवेल बंदरात उतरून १८३० मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या गाडीरस्त्याने पुण्याकडे जाई. अशा गावात जकातीचा सूक्ष्म प्रश्न असा की, शहरात खपणाऱ्या मालावर कर घेणे न्याय्य असले, तरी केवळ वाटेने पुढे जाणाऱ्या मालावर तो घेतल्यास नगरजकात आणि सरकारने रद्द केलेली वाटेवरची जकात यांत भेद उरत नाही. म्हणून पुढे जाणाऱ्या मालासाठी परताव्याची, म्हणजे भरलेली रक्कम मालधन्याला परत देण्याची, व्यवस्था नगरजकातीला आवश्यक ठरली. ती कागदावर सरळ दिसते. नाक्यावर मात्र नाकेदाराची मर्जी आणि गाडीवानाचा खोळंबा यांचे राज्य चालत असे.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडून आलेले सभासद नगरपालिकांत बसू लागले आणि संमतीची जागा प्रतिनिधित्वाने घेतली, जरी मताधिकार मालमत्तेच्या अटीने बांधलेला होता. स्वतंत्र भारतात स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कर राज्यसूचीच्या ५२ व्या नोंदीत आला, आणि त्यामुळे जकात ठेवावी की काढावी, हा निर्णय राज्याचा झाला. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये संपली व तिच्या जागी राज्याचे साहाय्यक अनुदान आले. स्वतःच्या बाजारातून येणारा पैसा मंत्रालयातून येऊ लागला. पुढे १०१ व्या घटनादुरुस्तीने १६ सप्टेंबर २०१६ पासून ती ५२ वी नोंदच वगळली गेली. त्यानंतर १५ दिवसांनी, १ ऑक्टोबर रोजी, पनवेलची महानगरपालिका झाली.