लिंकन विद्यापीठ : नामावलीपलीकडचा इतिहास

जुन्या महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी' असे एक पान हमखास असते. न्यायमूर्ती, मंत्री, कवी, एखादा क्रिकेटपटू अशी नावे ओळीने छापलेली असतात आणि या माणसांना आमच्याच भिंतींनी घडवले, असे त्यातून सुचवलेले असते. ती माणसे त्या भिंतींविषयी काय म्हणत होती, याची नोंद मात्र त्या पानावर नसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लिंकन विद्यापीठाचा इतिहास वाचताना ही उणीव आम्हांला विशेष जाणवली.

कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झालेल्या या लहानशा संस्थेची नामावली कोणालाही हेवा वाटावा अशी आहे. कवी लँग्स्टन ह्यूज १९२९ चे पदवीधर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल १९३० चे. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नाम्दी अझिकिवे त्याच वर्षीचे. घानाचे पहिले पंतप्रधान व पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एनक्रुमा १९३९ चे. पहिल्या शंभर वर्षांत देशातील कृष्णवर्णीय डॉक्टरांपैकी वीस टक्के आणि वकिलांपैकी दहा टक्क्यांहून अधिक आपण दिले, असे विद्यापीठ स्वतःच सांगते. या साऱ्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु ह्यूज पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा, स्थापनेला पंचाहत्तर वर्षे झाल्यावरही, या विद्यापीठाच्या प्राध्यापकवर्गात एकही कृष्णवर्णीय नव्हता. नामावलीतील अनेक जण आपल्याच संस्थेशी याच एका प्रश्नावर भांडले आहेत. आमच्या मते लिंकनचा खरा इतिहास त्या भांडणात आहे.

संस्थेचा जन्म एका नकारातून झाला. चेस्टर परगण्यातील जेम्स अमोस या मुक्त कृष्णवर्णीय तरुणाला धर्मोपदेशक व्हायचे होते. प्रिन्स्टनने त्याला दार उघडले नाही, तेव्हा ऑक्सफर्ड नावाच्या जवळच्या गावातील गोरे प्रेस्बिटेरियन पाद्री जॉन मिलर डिकी यांनी त्याला शिकवायला घेतले. हे काम एकट्याच्याने होणारे नव्हे हे ध्यानात आल्यावर डिकी यांनी राज्याकडून सनद मिळवली आणि २९ एप्रिल १८५४ रोजी 'ॲशमन इन्स्टिट्यूट' अस्तित्वात आली. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या मेरीलँडची सीमा तिथून काही मैलांवर होती. पार्कर आडनावाच्या दोन मुक्त कृष्णवर्णीय बहिणींना १८५१ मध्ये याच परगण्यातून पळवून नेण्यात आले, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या खटपटीत डिकी होते. त्यांच्या धैर्याविषयी आणि कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मात्र संस्थेला त्यांनी दिलेले नाव बारकाईने पाहिले पाहिजे. जेहुदी ॲशमन हे 'अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी'चे लायबेरियातील प्रतिनिधी होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावे हा १८१६ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीचा कार्यक्रम. गुलामगिरी वाईट, पण मुक्त कृष्णवर्णीयाला आपल्या शेजारी नांदवणेही अशक्य, अशी त्यामागील अनेक भल्या गोऱ्यांची धारणा होती. डिकीही याच मताचे. म्हणून संस्थेचा मूळ हेतू आफ्रिकेला मिशनरी पुरवण्याचा होता. १८५९ मध्ये जेम्स अमोस, त्याचा भाऊ थॉमस आणि आर्मिस्टेड मिलर हे पहिले तीन विद्यार्थी शिक्षण पुरे करून निघाले ते थेट लायबेरियाला. शिक्षण द्यायचे ते देशाबाहेर पाठवण्यासाठी, हा या दानाचा दुसरा पदर होता. यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, संस्थेने ॲशमनचे नाव टाकून हत्या झालेल्या राष्ट्राध्यक्षांचे नाव घेतले. मात्र शिकवणारे आणि चालवणारे गोरेच राहिले, आणि त्यांतील बरेच जण ज्या प्रिन्स्टनने अमोसला नाकारले तिथूनच आलेले होते. पुढे लोक लिंकनला कौतुकाने 'काळे प्रिन्स्टन' म्हणू लागले. हे कौतुक अमोसला कसे वाटले असते, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

लिंकनच्या पहिल्या पिढीतील ग्रिमके बंधूंची हकीकत एखाद्या कादंबरीत घातली तर योगायोगाचा अतिरेक म्हणून समीक्षक नाक मुरडतील. आर्चिबाल्ड आणि फ्रान्सिस हे चार्ल्स्टनचे मळेवाले हेन्री ग्रिमके यांना नॅन्सी वेस्टन या गुलाम स्त्रीपासून झालेले मुलगे. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या गोऱ्या सावत्र भावानेच त्यांना गुलाम म्हणून राबवले. युद्ध संपल्यावर ते लिंकनमध्ये दाखल झाले. हेन्रीच्या दोन बहिणी, सारा आणि अँजेलिना, गुलामगिरीविरोधी चळवळीच्या अग्रणी होत्या आणि घरदार सोडून केव्हाच उत्तरेत गेल्या होत्या. १८६८ मध्ये अँजेलिनांच्या वाचनात एक वृत्तलेख आला. त्यात लिंकनच्या एका हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचे कौतुक होते आणि त्याचे आडनाव होते ग्रिमके. त्यांनी पत्र लिहून तू कोण, अशी विचारणा केली. उत्तर आल्यावर त्यांनी हे आपले भाचे आहेत असे उघडपणे मान्य केले आणि त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. १८७० मध्ये दोघेही पदवीधर झाले. आर्चिबाल्ड हार्वर्डमधून वकील झाले. फ्रान्सिस यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले ते प्रिन्स्टनच्या सेमिनरीत; अमोसनंतर एका पिढीच्या अवधीत एवढा पालट झाला होता.

याच फ्रान्सिस ग्रिमके यांनी १८८५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संस्थांत कृष्णवर्णीय प्राध्यापक असावेत असे प्रतिपादणारा लेख लिहिला. प्रश्न केवळ नोकऱ्यांचा नव्हता. वर्गात रोज समोर उभा राहणारा माणूस विद्यार्थ्याला एक गोष्ट न बोलता शिकवत असतो : ज्ञान कोणाच्या मुखातून येऊ शकते. वर्षानुवर्षे ते एकाच वर्णाच्या मुखातून येत राहिले, तर अभ्यासक्रमात समतेचे कितीही धडे असोत, विद्यार्थी दुसराच धडा घेऊन घरी जातो. आम्ही सारे अध्यापनाच्या व्यवसायात असल्याने हा मुद्दा आम्हांला अंगावर आल्यासारखा वाटतो. लिंकनचे दुसरे एक पदवीधर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकशाळेतून उत्तीर्ण झालेले पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर नेथन मॉसेल, यांनीही ही मागणी लावून धरली. १८९५ मध्ये फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांसाठी रुग्णालय उभारणारा हा माणूस आपल्या जुन्या शाळेत कृष्णवर्णीय शिक्षक पाहिजे म्हणत होता, आणि विश्वस्त मंडळ बधत नव्हते.

येथवर बाजू स्पष्ट दिसतात : आत नकार, बाहेर मागणी. १९२९ साली मात्र चित्र गुंतागुंतीचे झाले. लँग्स्टन ह्यूज १९२६ मध्ये लिंकनला आले तेव्हा नवखे विद्यार्थी नव्हते. कोलंबिया विद्यापीठ सोडून, जहाजावर नोकरी करून, आफ्रिका व युरोपचे किनारे पाहून आलेले होते, आणि त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. पदवीच्या शेवटच्या वर्षी समाजशास्त्राच्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची मतचाचणी घेतली. प्राध्यापकवर्ग सर्वस्वी गोराच असावा काय, असे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना विचारले. साठ टक्क्यांहून अधिकांनी होकार दिला. कृष्णवर्णीय प्राध्यापक नको, असे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचेच मत पडले.

या निकालाचे काय करावे? ह्यूज यांनी तो झाकला नाही. जी संस्था आपल्याच विद्यार्थ्यांच्या मनात आपल्या लोकांविषयी अविश्वास पेरते, तिची शिक्षणपद्धती कोठे तरी चुकते आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी सांगितलेला एक प्रसंग आम्हांला या आकड्याइतकाच बोलका वाटतो. पदवीदानाच्या सुमारास एका वृद्ध माजी विद्यार्थ्याने त्यांना बाजूला घेऊन समजावले, की गोऱ्या माणसांकडून काही मिळवायचे असेल तर हा मार्ग नव्हे. आपल्याकडेही विद्यापीठांच्या आवारांत असा वडीलधारा सल्ला नाना बोलींतून ऐकू येतो. तो देणारा माणूस वाईट नसतो. त्याने आयुष्यभर काही तरी मिळवलेले असते आणि ते कशाच्या बदल्यात, हेही त्याला ठाऊक असते.

बहुमताच्या बाजूने कौल देणाऱ्यांत बाल्टिमोरचा एक उंचापुरा, गप्पिष्ट विद्यार्थी होता : थर्गुड मार्शल. त्या काळचे मार्शल पत्ते, थट्टामस्करी आणि वादविवादस्पर्धा यांत रमणारे. ऑक्सफर्ड गावातील चित्रपटगृहात एकदा ते मित्रांसह गोऱ्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसले आणि उठायला नकार दिला. ह्यूज यांच्याशी झालेल्या चर्चेचा आणि अशा अनुभवांचा परिणाम होऊन त्यांचे मत पालटले व ते कृष्णवर्णीय प्राध्यापकांच्या बाजूला आले. पुढे हॉवर्ड विद्यापीठात चार्ल्स ह्यूस्टन या कृष्णवर्णीय अधिष्ठात्याच्या हाताखाली ते कायदा शिकले आणि १९३३ मध्ये वर्गात पहिले आले. आपण वकील झालो ते ह्यूस्टन यांच्यामुळे, हे मार्शल यांनी कधी लपवले नाही. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा 'ब्राऊन' खटला त्यांनी लढवला, १९६७ ते १९९१ सर्वोच्च न्यायालयात न्यायदान केले. पण ज्या शिक्षकाने त्यांना घडवले तसा शिक्षक, ते शिकत होते तेव्हा, लिंकनमध्ये मिळणे शक्य नव्हते. नामावलीचे पान हे सांगत नाही.

मराठी वाचकाला ह्यूज हे नाव अपरिचित नाही. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली त्या दशकात कृष्णवर्णीय साहित्याची मराठीत बरीच चर्चा झाली, आणि जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने त्या साहित्याचा पद्धतशीर परिचय करून दिला. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याचे कार्य करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्या वेळी ग्रिमके बंधूंना पदवी मिळून तीन वर्षे झाली होती. आपल्या चर्चेत कविता आली, बंडखोरी आली. कवीने विद्यार्थी असताना केलेली ही मतचाचणी मात्र फारशी आली नाही.

लिंकनमध्ये बदल झाला तो १९३० नंतर, आणि त्यात आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांचाही हात होता. पदवी घेतल्यावर अझिकिवे यांनी तिथेच काही काळ अध्यापन केले. १९३४ मध्ये ते आफ्रिकेत परतून अक्रा येथे वृत्तपत्राचे संपादक झाले. तिथे त्यांना भेटलेल्या एनक्रुमा नावाच्या तरुण शिक्षकाने त्यांचाच कित्ता गिरवत १९३५ मध्ये लिंकन गाठले. फीसाठी पुरेसे पैसे नव्हते. सुट्टीत जहाजावर नोकरी, हार्लेमच्या रस्त्यावर मासळी विकणे, चर्चमध्ये प्रवचने असे करीत त्यांनी पदवी मिळवली. धर्मशास्त्राचीही पदवी घेतली, आणि लिंकनमध्ये तत्त्वज्ञानही शिकवले. डिकींच्या संस्थेला आफ्रिकेत धाडायचे होते ते पाद्री. तिने धाडले ते साम्राज्याला हादरे देणारे दोन पुढारी.

यातही गुळगुळीत गौरवकथा शोधू नये. सत्तेवर आल्यावर एनक्रुमा यांनी १९५८ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला, १९६४ मध्ये एकपक्षीय राजवट आणली. त्यांचे जुने सहकारी व पुढे विरोधक झालेले डांक्वा १९६५ मध्ये तुरुंगात वारले. १९६६ च्या जानेवारीत नायजेरियात आणि फेब्रुवारीत घानात लष्कराने सत्ता घेतली. लिंकनचे दोन्ही राष्ट्राध्यक्ष दोन महिन्यांच्या आत पदभ्रष्ट झाले.

१९४५ मध्ये लिंकनला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष (आपल्याकडचे कुलगुरू म्हणा) मिळाला, तोही माजी विद्यार्थी : १९२३ चे पदवीधर, शिक्षणाचे इतिहासकार होरेस मान बाँड. १९५१ च्या फेब्रुवारीत एनक्रुमा निवडणूक जिंकून ब्रिटिशांच्या तुरुंगातून सुटले आणि त्याच वर्षी जूनमध्ये लिंकनने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या समारंभात पदवी देणारे आणि घेणारे दोघेही लिंकनचेच कृष्णवर्णीय पदवीधर होते. ह्यूज यांच्या चाचणीला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. बाँड १९५७ मध्ये पायउतार झाले. त्यांनी लिहिलेला संस्थेचा विस्तृत इतिहास, त्यांच्या निधनानंतर, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणखी एक गोष्ट उरते. वर आलेली पदवीधरांची सारी नावे पुरुषांची आहेत, कारण लिंकन जवळजवळ शंभर वर्षे केवळ पुरुषांसाठी होते; स्त्रियांना पदवी मिळू लागली ती १९५० नंतर. १९८७ मध्ये नियारा सुदारकासा या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्या मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचे नाव झाले ते नायजेरियातील योरुबा स्त्रियांच्या बाजारपेठेतील व्यवहाराच्या अभ्यासामुळे, आणि तो अभ्यास त्यांनी त्या बाजारांत राहून केला होता.