नाण्याचे चाळीस दिवस

‘पोरानं पैसा गिळला!’ ही ओरड प्रत्येक गावात कधी ना कधी ऐकू येतेच. बहुतेक वेळा तो पैसा पोटात उतरतो नि काही दिवसांनी आपसूक बाहेर पडतो. पण अन्ननलिका सोडून तो श्वासनलिकेत शिरला तर? अशाच एका नाण्याची हकीकत सांगतो. ते गिळणारे मात्र लहान मूल नव्हते.

इसामबार्ड ब्रुनेल हा इंग्लंडचा नामांकित इंजिनियर. टेम्स नदीखालचा बोगदा बाप-लेकांनी मिळून बांधलेला. ३ एप्रिल १८४३ रोजी मुलांना हातचलाखी दाखवताना त्याच्या तोंडातले अर्ध्या पौंडाचे सोन्याचे नाणे घसरले, ते थेट उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसले. मधूनमधून खोकला येई, एरवी त्रास बेताचाच. फसगत होते ती इथेच! खोकला कमी झाला म्हणजे वस्तू खाली गेली, असे घरचे धरून चालतात.

क्ष-किरण सापडले १८९५ साली. तेव्हा सर बेंजामिन ब्रोडी या शस्त्रवैद्याला सारा अंदाजच करावा लागला. ब्रुनेलला फळीला बांधून उलटे केले, तर त्याचा जीव असा गुदमरला की प्रयोग सोडून द्यावा लागला. मग ब्रोडीने गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडली. चिमट्याला नाणे काही लागेना. पण ते भोक कामी आले. १३ मे रोजी त्याला पुन्हा उलटे करून पाठीवर थापटले. आता कंठ आवळला तरी भोकातून श्वास चालणार होता. नाणे सुटले, दातांवर आपटून बाहेर पडले. चाळीस दिवसांनी!

१८९७ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियान याने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतले हाड घशातून नळी घालून, छेद न देता काढले. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सनने हीच विद्या पुढे नेली. रोग्यांच्या शरीरातून काढलेल्या २,००० हून अधिक वस्तू त्याने नोंदींसह जपल्या; त्या फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहेत. नाणी, टाचण्या, बटणे, काय नाही त्यात! पण लहान मुलांच्या बाबतीत त्याला धास्ती होती शेंगदाण्याची. तो श्वासनलिकेत अडकला की तिथे जबर सूज येते.

आपल्याकडे भुईमुगाच्या खळ्यावर पोरे दाणे तोंडात टाकूनच पळत असतात. एखाद्याला ठसका लागला, मग तो निवळला, आणि आठवड्याने ताप-खोकला सुरू झाला, तर डॉक्टरला तो ठसका आधी सांगा. एक्स-रेत नाणे दिसते, शेंगदाणा दिसत नाही. आणि श्वास चालू असलेल्या पोराला कोणी उलटे टांगू लागला, तर ब्रुनेलच्या पहिल्या खेपेची गोष्ट त्याला ऐकवा.