उपवासातील शिदोरी : कीटोन द्रव्यांचा इतिहास

नवरात्र आले की बार्शीटाकळीपासून अमरावतीपर्यंत वऱ्हाडातल्या घराघरांत उपवास धरले जातात. पण साबुदाण्याची उसळ, भगर, बटाटा, रताळे हे सारे पदार्थ स्टार्चने भरलेले असतात. पोटात गेल्यावर त्यांचे ग्लुकोजच होते. रमजानचा रोजाही सूर्यास्ताला सुटतो. त्यामुळे अशा उपवासांत शरीराच्या इंधनव्यवस्थेत फारसा मोठा फेरबदल होत नाही. अन्न पूर्ण वर्ज्य करून माणूस अनेक दिवस राहतो तेव्हा मात्र शरीरापुढे खरा पेच उभा राहतो.

असे उपवास महाराष्ट्राने जवळून पाहिले आहेत. महात्मा गांधींनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात २० ते २६ सप्टेंबर १९३२ या काळात उपवास केला. पुढे पुण्याच्याच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ असा २१ दिवसांचा उपवास केला. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. त्याआधी १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास यांचा उपोषणाच्या ६३व्या दिवशी मृत्यू झाला होता. माणूस अन्नावाचून इतके दिवस तग कसा धरतो?

थोडा हिशेब करू. आपल्या मेंदूला रोज सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण एका दिवसात संपतो. चरबी भरपूर असते, पण चरबीतील मेदाम्ले मेंदूला इंधन म्हणून वापरता येत नाहीत आणि त्यांपासून शरीर ग्लुकोजही बनवू शकत नाही. मग उरतात स्नायूंतील प्रथिने. १०० ग्रॅम ग्लुकोज बनवायला सुमारे १७५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे पाऊण किलोहून अधिक स्नायू रोज खर्ची पडतील. या हिशेबाने दोन-अडीच आठवड्यांत निम्मे स्नायू संपून माणूस दगावायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. कुठेतरी दुसरी शिदोरी असली पाहिजे.

गंमत अशी, की ही शिदोरी शास्त्रज्ञांना फार पूर्वीच दिसली होती, पण ती विष म्हणून. १८५७ साली प्राग येथे विल्हेल्म पेटर्स यांना मधुमेही रुग्णाच्या लघवीत ॲसिटोन आढळले. १८६५ मध्ये कार्ल गेरहार्ट यांनी फेरिक क्लोराइडची चाचणी शोधली. तिच्यातून पुढे ॲसिटोॲसेटिक आम्लाचा पत्ता लागला. १८८४ च्या सुमारास तिसरे द्रव्य, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल, सापडले. या तिघांना मिळून कीटोन द्रव्ये म्हणतात. (रसायनशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने तिसरे द्रव्य कीटोन नाही. त्यात कीटोन गटाऐवजी हायड्रॉक्सिल गट आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रेणुसूत्र काढून हा फरक शोधायला सांगावा.)

ही द्रव्ये यकृतात मेदाम्लांपासून बनतात. ॲसिटोॲसेटिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड आपोआप निघून गेला की ॲसिटोन उरते. ते श्वासावाटे बाहेर पडते आणि नखांचा रंग पुसण्याच्या द्रावणासारखा वास येतो. बेशुद्धीकडे निघालेल्या मधुमेही रुग्णाच्या श्वासाला हाच वास येई. साहजिकच ही द्रव्ये म्हणजे बिघडलेल्या शरीराची घाण, असे मत रूढ झाले.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन दिले गेले. शुद्ध केलेल्या अर्काने त्याच्या रक्तातील साखर उतरलीच, शिवाय लघवीतील कीटोन द्रव्येही नाहीशी झाली. शत्रू हरला, असाच अर्थ सर्वांनी घेतला. आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी कीटोन द्रव्ये मुद्दाम वाढवणारा, चरबीप्रधान आहार सुचवला होता. पण त्याने मूळ मत फारसे हलले नाही.

गांधीजींच्या उपवासांकडेही डॉक्टर याच नजरेने पाहत. जानेवारी १९४८ मधील दिल्लीच्या अखेरच्या उपवासात त्यांच्या लघवीत ॲसिटोन द्रव्ये दिसू लागली, तेव्हा डॉक्टरांना ती धोक्याची खूण वाटली. गांधीजींनी तिचा अर्थ वेगळाच लावला : रामनामावरील आपली श्रद्धा अपुरी आहे! डॉक्टरांची काळजी अनाठायी नव्हती. रुग्ण ७८ वर्षांचा होता आणि मूत्रपिंडांचे काम मंदावले होते. कीटोन द्रव्यांपैकी दोन आम्ले आहेत, ती साचली तर रक्ताची आम्लता वाढते. १९३२ च्या उपवासात गांधीजी पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घेत. आम्लावर सोडा काय करतो, हे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. पण लघवीत दिसणारे हे द्रव्य त्याच वेळी मेंदूला पोसतही असते, हे १९४८ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते.

ते कळले १९६७ साली. बोस्टनमध्ये ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयाच्या देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या तीन लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास केला. मेंदूकडे जाणारे रक्त आणि मेंदूतून परत येणारे रक्त यांची त्यांनी तुलना केली. जाताना असलेली कीटोन द्रव्ये परतताना बरीच कमी झालेली होती. मेंदूच्या इंधनाची सुमारे दोन-तृतीयांश गरज तीच भागवत होती. ग्लुकोजची गरज घटल्यामुळे स्नायूंची मोडतोडही मंदावली होती. चरबी मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून यकृत तिचे पाण्यात विरघळणारे, मेंदूत शिरू शकणारे रूप बनवते. शंभर वर्षे जिला घाण म्हटले, ती दुष्काळात तगण्याची सोय निघाली.

मग मधुमेहात हीच द्रव्ये जीव का घेतात? फरक प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण ठरवते इन्शुलिन. उपाशी माणसाच्या रक्तात थोडे इन्शुलिन असतेच, ते चरबीच्या विघटनाला लगाम घालते. त्यामुळे कीटोन द्रव्ये लिटरला साधारण ५ ते ८ मिलिमोलवर थांबतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन जवळजवळ नसतेच. लगाम सुटतो, पातळी १५-२० किंवा त्याहूनही वर जाते आणि रक्त आम्लयुक्त होते.

शिक्षकांनी हा फरक केवळ परीक्षेपुरता ठेवू नये. वर्गातील एखादे मूल सतत पाणी पीत असेल, वारंवार लघवीला जात असेल, झपाट्याने वाळत असेल, आणि त्यातच उलट्या, पोटदुखी, जोराचा खोल श्वास सुरू होऊन तोंडाला फळासारखा गोडसर वास येऊ लागला, तर ते अपचन समजून घरी पाठवू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. रक्तातील साखर आणि लघवीतील कीटोन द्रव्ये तपासायला काही मिनिटे पुरतात. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू देऊ नये, आणि आजारपणात जेवण सुटले तरी इन्शुलिन स्वतःहून बंद करू नये. लेनर्ड थॉम्पसनच्या आधीच्या मुलांसाठी काहीच उपाय नव्हता. आज तो आहे, फक्त वेळेवर ओळखणारे कोणीतरी हवे.