संशोधन व नवप्रवर्तन धोरणे, राष्ट्रीय : यूरोप आणि भारत

कोणत्या विषयांवर संशोधन व्हावे, त्यासाठी पैसा कोणी पुरवावा, ते कोणत्या संस्थांत चालावे आणि त्याचे फलित उद्योग, शेती व समाज यांच्यापर्यंत कसे पोहोचवावे, यांविषयीच्या शासकीय निर्णयांच्या समुच्चयास राष्ट्रीय संशोधन-धोरण म्हणतात. प्रयोगशाळेतील शोधाचे वापरातील वस्तूत किंवा प्रक्रियेत रूपांतर होणे म्हणजे नवप्रवर्तन. निरनिराळ्या देशांच्या संशोधन-खर्चाची मोजणी एकाच पद्धतीने व्हावी म्हणून इटलीतील फ्रास्काटी येथे १९६३ मध्ये तज्ञांची परिषद भरली व तीतून एक मार्गदर्शिका तयार झाली. तेव्हापासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के रक्कम संशोधनावर खर्च होते, हे तुलनेचे रूढ परिमाण ठरले. तथापि सारख्याच टक्केवारीच्या देशांतही फळे भिन्न येतात. संशोधनाचे प्रश्न कोण ठरवतो आणि प्रयोगशाळा व उपयोगकर्ता यांमधील दुवा कोण सांभाळतो, ह्या दोन बाबी खर्चाइतक्याच महत्त्वाच्या होत.

जर्मनी : बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेपासून (१८१०) अध्यापन व संशोधन यांची सांगड हे जर्मन विद्यापीठांचे वैशिष्ट्य बनले. तेथे शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंग व औषधे बनविणाऱ्या कारखान्यांत मोठ्या संख्येने गेले. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये जर्मन कारखान्यातून बाजारात आली आणि भारतातील निळीची लागवड थोड्याच वर्षांत खालावली. परदेशातील संशोधन-व्यवस्थेचा परिणाम भारतीय शेतापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे ठळक उदाहरण होय. १९११ मध्ये कैसर व्हिल्हेल्म सोसायटीची स्थापना होऊन विद्यापीठांबाहेरच्या स्वतंत्र संशोधनसंस्थांची परंपरा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे कार्य माक्स प्लांक सोसायटीकडे (१९४८) आले. उपयोजित संशोधनासाठी फ्राउनहोफर सोसायटी (१९४९) स्थापन झाली. मूलभूत आणि उपयोजित संशोधनासाठी निराळ्या संस्था, फ्राउनहोफर संस्थांनी उत्पन्नाचा मोठा भाग उद्योगांच्या व शासनाच्या कंत्राटांतून मिळविणे आणि खर्चाचा भार केंद्र व घटक राज्ये यांनी वाटून घेणे, अशी ही रचना आहे.

ब्रिटन : पहिले कृत्रिम रंगद्रव्य १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन याने शोधले, पण त्यावरील उद्योग जर्मनीत वाढला. १९१४ मध्ये युद्ध पेटताच रंग, औषधे व प्रकाशीय काच यांची टंचाई भासू लागली आणि शासनाने १९१६ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन खाते उभारले. १९१८ च्या हॉल्डेन समितीच्या अहवालाशी जोडले गेलेले तत्त्व असे की, पैसा शासनाचा असला, तरी कोणते संशोधन करावे याचा निर्णय मंत्र्यांनी न घेता वैज्ञानिकांनी घ्यावा. १९७१ मध्ये लॉर्ड रॉथशील्ड यांनी उपयोजित संशोधनापुरते याच्या उलट सुचविले : खाते हे गिऱ्हाईक व प्रयोगशाळा ही कंत्राटदार समजून, काय हवे ते गिऱ्हाइकाने सांगावे. ब्रिटिश धोरण पुढेही या दोन भूमिकांत हेलकावत राहिले.

फ्रान्स : येथे पुढाकार प्रामुख्याने राज्यसंस्थेचा. राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र ऑक्टोबर १९३९ मध्ये, तर अणुऊर्जा आयोग १९४५ मध्ये स्थापन झाला. अणुऊर्जा, अवकाश, रेल्वे व दूरसंदेशवहन या क्षेत्रांत शासनाने मोठे प्रकल्प स्वतः आखले. पूर्णवेळ संशोधक केंद्रात आणि विद्यार्थी विद्यापीठांत, अशी फारकत होण्याचा धोका मात्र होता. १९६६ पासून विद्यापीठांतील प्रयोगशाळा केंद्राशी संलग्न करून घेण्यात येऊ लागल्या व ही दरी पुष्कळ अंशी बुजली.

फिनलंड : लहान देशाचे हे उदाहरण. तंत्रविद्येस साहाय्य देणारी टेकेस ही संस्था १९८३ मध्ये निघाली. १९९० च्या दशकारंभीच्या तीव्र मंदीनंतरही शासनाने संशोधनावरील खर्च वाढविला आणि नोकिया कंपनीच्या भरभराटीने हे धोरण सर्वत्र वाखाणले गेले. कंपनीच्या दूरध्वनी व्यवसायास उतरती कळा लागल्यावर मात्र संशोधन-खर्च २००९ मधील सु. ३·७ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत सु. २·७ टक्क्यांवर घसरला. एका उद्योगावर विसंबलेली टक्केवारी फसवी ठरू शकते, हा याचा धडा.

यूरोपीय राष्ट्रांनी १९८४ पासून सामायिक संशोधन-कार्यक्रम चालविले आहेत आणि २००२ मध्ये खर्चाचे ३ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरविले; पण वरील राष्ट्रीय वळणे त्यामुळे पुसली गेली नाहीत.

भारत व महाराष्ट्र : भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये, पुन्हा युद्धकाळातच, स्थापन झाली. नाव व घडण दोन्ही ब्रिटिश खात्याची आठवण करून देणारी होती. शांतिस्वरूप भटनागर यांनी तिच्या आश्रयाने राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभारली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन पंडित नेहरू यांच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. जे. डब्ल्यू. मॅकबेन व जी. आय. फिंच या परदेशी संचालकांनंतर १९५७ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. ते रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राचे नामवंत अभ्यासक व मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागाचे माजी प्रमुख होते. त्यामुळे विद्यापीठ, कारखाना व प्रयोगशाळा या तिन्हींचा अनुभव पुण्यात एकत्र आला. १९५८ च्या वैज्ञानिक धोरण ठरावाने विज्ञानास राष्ट्रीय उद्दिष्टांत अधिकृत स्थान दिले.

या प्रयोगशाळेच्या इतिहासात धोरणाचा प्रभाव स्पष्ट दिसतो. १९७० च्या एकस्व कायद्याने औषधे, अन्न व कीटकनाशके यांबाबत पदार्थाऐवजी केवळ प्रक्रियेला एकस्व, म्हणजे पेटंट, देण्याची तरतूद केली. ज्ञात पदार्थ निराळ्या मार्गाने बनविण्यास त्यामुळे मोल आले आणि प्रयोगशाळेने अशा अनेक प्रक्रिया भारतीय कारखान्यांना पुरविल्या. १९९१ नंतर आयातीवरील निर्बंध सैल झाले, २००५ मध्ये पदार्थांनाही एकस्व मिळू लागले आणि जुन्या कौशल्याचे मोल घटले. प्रयोगशाळेने परदेशी कंपन्यांशी करार केले व नवोदित उद्योजकांसाठी २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू केले.

ब्रिटन-जर्मनीची संस्थात्मक चौकट भारताने घेतली. फ्रान्सने नंतर केलेली दुरुस्ती मात्र त्या प्रमाणात घेतली नाही. प्रयोगशाळा विद्यापीठांबाहेर वाढल्याने विद्यापीठे दुबळी होतील, अशी टीका मेघनाद साहा यांनी केली होती. विद्यापीठांच्या संशोधनास बळ देण्याच्या उद्देशाने २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची स्थापना झाली, यावरून ती उणीव दीर्घकाळ राहिल्याचे दिसते. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन-खर्च राष्ट्रीय उत्पादनाच्या सु. ०·६४ टक्के होता व त्यात खाजगी उद्योगांपेक्षा शासनाचा वाटा मोठा होता.

दुवा शाबूत असल्यास अल्प खर्चाचे कामही फळते, हे पुणे जिल्ह्याच्या भातशेतीत दिसते. भोर व वेल्हे भागांत, राजगडाच्या परिसरातील विंझर व आसपासच्या गावांत, पावसावरील भात हे खरिपाचे प्रमुख पीक. येथील सुवासिक आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो व कमी उतारा देतो. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठे अमेरिकेतील भू-अनुदान विद्यापीठांच्या धर्तीवर निघाली. शिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे त्यांच्याकडे एकत्र असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील केंद्राने आंबेमोहोर १५७ व फिलिपीन्समधील आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण काढला आणि तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. बुटका बांधा, चांगला उतारा व आंबेमोहोराचा काहीसा सुवास यांमुळे मावळ, मुळशी, भोर व वेल्हे या पट्ट्यात तो रूढ झाला. येथे प्रश्न शेतातून आला, उत्तर जवळच्या केंद्रात शोधले गेले आणि बियाण्याच्या रूपाने ते शेतात परतले.

यूरोपच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा की, कोणत्याही एका देशाचे धोरण जसेच्या तसे उचलता येत नाही. जर्मनीची कंत्राटी संशोधनपद्धती तेथील कारखान्यांच्या मागणीवर उभी आहे. फ्रान्सचे मोठे प्रकल्प तेथील केंद्रित शासनयंत्रणेवर. संस्था उसनी आणता येते. तिच्याकडे प्रश्न घेऊन येणारा आणि तिचे उत्तर वापरणारा वर्ग मात्र प्रत्येक देशाला स्वतःच घडवावा लागतो.